माझं झालेलं हाय

दुरुस्त केलेली मोटार चालू झाली की मिस्त्री आधी उजव्या हाताची मागची बाजू तिच्या अंगाला लावायचे. तळवा नाही, मागची बाजू. वायंडिंगच्या दुकानापुढून जाताना तुम्हीही हे पाहिलं असेल. तळव्याला करंट लागला तर बोटं मिटतात आणि माणूस चिकटून बसतो. उलट्या हाताला लागला तर हात आपोआप मागे फेकला जातो. मिस्त्री मात्र असा हात लावायचे, की आजारी पोराचा ताप बघतायत असं वाटावं. मग हात पुसून म्हणायचे, "न्या. गॅरंटी नाय."

कळंबला, पुणे-नाशिक रस्त्यावर, माझं पाइप, केबल आणि स्टार्टरचं दुकान आहे. माझे पणजोबा राजस्थानातून आले. आम्ही जैन, पण तिकडची बोली मला धड येत नाही. शेजारचा गाळा मिस्त्रींचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी ते भरून द्यायचे, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायचे. एकोणीस वर्षं आमच्या मध्ये एक पत्र्याची भिंत होती. त्यांचा हातोडा वाजला की माझ्या मांडणीवरचे नळ थरथरायचे.

मिस्त्री ख्रिस्ती होते. दर रविवारी गाळा बंद ठेवून, पांढरा शर्ट घालून, बायकोला मागे बसवून ते उपासनेला जायचे. कोणी "काय मिस्त्री, बरं हाय का?" असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "माझं झालेलं हाय. तुमचं सांगा."

नवा माणूस गोंधळायचा. एकदा पेठ गावचा एक शेतकरी म्हणाला, "राव, मी जेवनाचं नाय इचारलं."

"मीबी जेवनाचं नाय सांगत," मिस्त्री म्हणाले. "माझं तारण झालेलं हाय. मेल्यावर मी कुठं जानार ते मला आत्ताच ठाऊक हाय."

शेतकऱ्यानं गाळ्यातल्या पाटीकडे पाहिलं. तिच्यावर तांबड्या रंगात 'कामाची गॅरंटी नाही' असं लिहिलेलं होतं. "मोटारीची सहा महिन्यांची द्यायना तुमी, आन् सोताची कायमची?"

मिस्त्री तार गुंडाळता गुंडाळता थांबले. "मोटार मी भरतो, पावणं. म्हनून गॅरंटी नाय. माझं काम मी केलेलं नाय. ते त्यानं केलंय."

मला हे ऐकून थोडा रागच यायचा, खोटं कशाला सांगू? आमच्या घरात आई आठ-आठ दिवस उपवास करायची. ज्याचं कर्म त्यानं भोगायचं, ज्यानं त्यानं झिजवायचं, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. आणि हा माणूस वॉर्निशनं काळी झालेली बोटं घेऊन सांगतो, माझं झालेलं आहे. मी एकदा विचारलंही, "मिस्त्री, एवढी खात्री म्हणजे अहंकार नाही का?"

त्यांनी पक्कडीनं तारेचं टोक कापलं. मग म्हणाले, "शेठ, मी चांगला हाय म्हनून झालं असं म्हनलो असतो, तर अहंकार." आणि पुन्हा तार गुंडाळायला लागले.

त्या वर्षी उन्हाळी कांद्याला शेवटचं पाणी द्यायच्या दिवसांत घोड नदीकडच्या मळ्यातला एक शेतकरी मोटार घेऊन आला. मोटार भरून झाल्यावर वॉर्निश लावतात आणि ते दोन दिवस वाळू देतात. मग टेस्टिंगचा बल्ब लावून बघतात, करंट मोटारीच्या अंगावर तर येत नाही ना. शेतकरी दुसऱ्याच दिवशी सकाळी येऊन उभा राहिला. कांदा करपत होता, त्याचंही खरं होतं. मिस्त्री त्या दिवशी घाईत होते. पांढरा शर्ट घालूनच गाळ्यात आले होते. मोटार टेम्पोत चढवून दिली, शटर ओढलं आणि बायकोला घेऊन जुन्नरच्या रस्त्याला लागले.

तीन-चार दिवसांनी तोच शेतकरी माझ्याकडे नवा स्टार्टर घ्यायला आला. बोलता बोलता त्यानं सांगितलं, बायको पंपात पाणी भरायला गेली होती, मोटारीला हात लागला आणि ती फेकली गेली. विहिरीच्या कठड्यावर पडली, मनगटाचा चुरा झाला. मंचरला ऑपरेशन करून आत स्टीलची पट्टी बसवली, पण डॉक्टर म्हणतात बोटं पूर्ण मिटतील असं नाही.

"आन् मोटार?" पत्र्याच्या कडेला मिस्त्री येऊन उभे राहिले होते.

"मोटार चांगली हाय, मिस्त्री. वायरमननं बघितली. तिचीच चूक. वल्या हातानं गेली."

"हात कुठला?"

"उजवा."

मिस्त्री आत गेले. त्या दिवशी माझे नळ थरथरले नाहीत.

पुढचे काही महिने मी एक गोष्ट पाहत होतो. लोक विचारायचे, "मिस्त्री, बरं हाय का?" आणि ते म्हणायचे, "बरंय." बस, एवढंच. एक दिवस त्यांची बायको, आमच्या वहिनी, वायर न्यायला आल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमी तरी इचारा त्यांना. चर्चमधी प्रभुभोजनाचं, म्हंजी येशूच्या आठवणीच्या भाकरीचं ताट समोर आलं की हे मान खाली घालत्यात आन् ताट पुढं जाऊ देत्यात." मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या धर्मातलं आपण काय विचारायचं, असं मनाला सांगितलं.

भाद्रपदात आमची संवत्सरी येते. त्या दिवशी आम्ही सगळ्यांना हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. दरवर्षी मी शेजारी जायचो आणि दरवर्षी मिस्त्री हसून म्हणायचे, "केलं माफ, शेठ." त्या वर्षी ते हसले नाहीत.

"शेठ, हे तुमी कुनाला म्हनता? ज्याचं वाईट केलं त्याला, का समद्यांनाच?"

"खरं सांगू? सगळ्यांनाच. बरंचसं तर व्हॉट्सअ‍ॅपवर."

"आन् ज्याचं खरंच केलं त्याला?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि सांगितलं. मोटार ओली होती. बल्ब लावलाच नव्हता. हातसुद्धा लावून पाहिला नव्हता, कारण शर्ट पांढरा होता. त्या दिवशी जुन्नरला मोठी उपासना होती आणि तिथं त्यांना उभं राहून साक्ष द्यायची होती.

"कशाची साक्ष?"

"तारणाच्या खात्रीची," मिस्त्री म्हणाले. "लई चांगला बोललो मी त्या दिवशी. लोक रडले."

वायरमननं पाहिली तोवर मोटार उन्हानं आणि चालून वाळली होती. दोष कुणाला दिसणारच नव्हता.

आता मी काय म्हणालो ते सांगतो, कारण ते लपवणं बरं नाही. मी म्हणालो, "मिस्त्री, झालं ते झालं. कुणाला ठाऊक नाही. तुम्ही बोललात तर धंदा बसेल."

"तसंच मीबी पाच महिनं म्हनतोय."

मग मला राहवलं नाही. "तुमचं ते झालेलं? ते गेलं का आता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा मुलगा त्या साली बारावीत नापास झाला होता, ते त्यांना ठाऊक होतं. "शेठ, पोरगा नापास झाला म्हनून तुमी त्याचं आडनाव काढून घेतलं का?"

"नाही."

"पन निकाल लागल्यावर तो घरी किती वाजता आला?"

दिवसभर आला नव्हता. दिवेलागणीला त्याची आई त्याला मामाच्या घरून घेऊन आली होती. मिस्त्री म्हणाले, "तसं झालंय माझं. गेलेलं काय नाय. दार उघडं हाय. उघडं हाय म्हनूनच आत पाय टाकवंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दुकानापुढे येऊन म्हणाले, "शेठ, मळ्यात जायचंय. तुमची गाडी काढता का? एकला गेलो तर वाटंतूनच माघारी फिरंन."

आम्ही गेलो. ती बाई ओट्यावर लसूण सोलत होती. पाकळी डाव्या हातात, आणि उजव्या हातानं ती नुसती दाबून धरायचा प्रयत्न. आतल्या बाजूला सासू चटईवर बसलेली. नवरा गोठ्यातून आला. "काय मिस्त्री? इकडं कुठं?"

मिस्त्री बसले नाहीत. पाणी दिलं तेही घेतलं नाही. "ताई," ते म्हणाले, "तुमाला करंट बसला तो तुमच्या वल्या हातामुळं नाय. मोटार वली व्हती. मी न तपासता दिली. मला घाई व्हती. हे मला पयल्या दिवसापासून ठाऊक व्हतं, आन् मी सांगितलं नाय."

गोठ्यात म्हैस दावणीला अंग घासत होती, तेवढा आवाज. नवऱ्याचा चेहरा लाल झाला. "आन् तुमी आत्ता सांगताय? पाच महिन्यांनी?"

"व्हय."

बाईनं लसूण खाली ठेवला. पदर सारखा केला. मला वाटलं, आता ही रडणार किंवा शिव्या देणार. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, परत एकदा सांगा. जरा मोठ्यानं. आत्याबाईंना कमी ऐकू येतं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पाच महिने त्या घरात काय बोललं जात होतं, ते मला त्या एका वाक्यात कळलं. हात गेला तो गेला, वर 'तुझीच चूक, ओल्या हातानं मरायला गेलीस' हे रोज ऐकणं. मिस्त्रींनाही ते तेव्हाच कळलं असावं. ते दाराशी गेले, वाकले आणि सगळं पुन्हा सांगितलं, शब्द न् शब्द, मोठ्यानं. म्हातारी ऐकत राहिली. मग तिनं सुनेकडे पाहिलं, उठली, ओट्यावर आली आणि लसणाची पाटी आपल्या पुढ्यात ओढून सोलायला बसली.

नवरा आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला नाही. पण बाईनं मिस्त्रींपुढे पाण्याचा तांब्या पुन्हा केला, आणि या वेळी त्यांनी घेतला.

धंदा बसला, मी म्हणालो होतो तसा. पूर्ण नाही, पण बसला. पिंपळवंडीपर्यंतची गिऱ्हाइकं दुसरीकडे जायला लागली. चर्चमधल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तोंडावर ऐकवलं, "तुझं तारण खरं असतं तर तुझ्या हातून असं झालं नसतं." मिस्त्रींनी मला हे हसत सांगितलं. "मी त्यांना म्हनलो, मी चांगला हाय असं कवा म्हनलो व्हतो? ते माझ्या भरवशावर असतं, तर कवाच जळून गेलं असतं." त्या रविवारी त्यांनी ताट पुढे जाऊ दिलं नाही, हे वहिनींनी सांगितलं.

मळ्यातली ती बाई पुढे कधी कधी रस्त्याला आली की गाळ्यापाशी थांबायची. मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. ती हाताचं सांगायची. आज एवढं वळतं, थंडीत दुखतं. मिस्त्री काम बाजूला ठेवून पूर्ण ऐकायचे. तेवढंच.

सहा वर्षांनी त्यांच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या दवाखान्यात दोन महिने काढून ते घरी आले, ते पुन्हा जायचं नाही असं ठरवूनच. मी दोन-तीन दिवसांआड जायचो. एकदा धीर करून विचारलं, "मिस्त्री, भीती वाटते?"

"दुखन्याची वाटते," ते म्हणाले. "लई वाटते. ते पुढचं हाय ना, त्याची नाय." मग आतल्या खोलीत वहिनींकडे मान करून म्हणाले, "हिची काळजी वाटते. ती त्याच्यावर सोपवायला मला अजून जमत नाय. माझं जमलं, हिचं जमत नाय. गंमत हाय."

मी काही ख्रिस्ती झालो नाही. मिस्त्रींनी तसं कधी म्हटलंही नाही. आईच्या उपवासांवरची माझी श्रद्धा अजून आहे, आणि माझं पुढं काय होणार हे मला अजूनही ठाऊक नाही. पण इतक्या वर्षांत मी बरीच मरणं पाहिली. शेवटच्या दिवसांत माणसाच्या डोळ्यांत एक धावपळ असते, काहीतरी राहिलंय अशी. तुम्हीही ती कोणाच्या तरी डोळ्यांत पाहिली असेल. मिस्त्रींच्या डोळ्यांत मी ती शोधली. मुद्दाम शोधली.

ते गेले त्याच्या चार दिवस आधी दुपारी मी शेवटचा गेलो. दार सताड उघडं होतं. मिस्त्री खिडकीखालच्या कॉटवर झोपले होते. तोंड अर्धवट उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर, आणि चक्क घोरत होते. वहिनी म्हणाल्या, "आता लागलाय डोळा. उठवू का?"

"नको," मी म्हणालो.

त्यांनी चहा केला. मी भिंतीला टेकून बसलो आणि तो सावकाश प्यालो. बाहेर रस्त्यावरून कांद्याचे ट्रक जात होते, खिडकीची काच हलत होती, पण त्यांची झोप हलली नाही. कप खाली ठेवताना वाजेल म्हणून तो वहिनींच्या हातात दिला, चपला उचलल्या आणि अनवाणीच अंगण ओलांडलं.