काळूच्या वाट्याची कलेजी

मोखाड्याकडे जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली की औषधं संपतात, किस्से संपत नाहीत! मित्र विचारतात, "शेळीच्या पोटात कसले रे विनोद?" अरे बाबांनो, पोटातच तर सगळे आहेत.

सूर्यमाळकडच्या एका पाड्यावर बुधाबाबा शेळ्या राखतात. एकदा मी गेलो तेव्हा त्यांनी बोकड कापला होता. कलेजीवर बोराएवढे पांढरे फुगे, आत पाणी. बाबांनी सवयीनं ती उचलली आणि टाकली त्यांच्या काळू कुत्र्यापुढे! दोन घासांत फडशा.

मी डोक्याला हात लावला. अर्धा तास समजावलं. या फुग्यात फितीसारख्या जंताची पिल्लं. कुत्र्यानं कच्ची खाल्ली की त्याच्या पोटात जंत होतात. विष्ठेतून अंडी गवतावर, तिथून शेळीच्या कलेजीत. माणसाच्या हाताला लागून तोंडात गेली तर माणसाच्याही कलेजीत असाच फुगा! म्हणून अशी कलेजी पुरा, नाहीतर चांगली उकळा तरी. उकळली की किडा मेला, मग कुणाला काही होत नाही.

बाबा शांतपणे म्हणाले, "म्हंजे किडा कुठूनपन कुठं पोचतो. आमच्या पाड्यावर एसटी तेवढी पोचत नाय!"

मी हसलो खरा, पण तेवढ्यात अंगणात नजर गेली. बाबांची तिसरीतली नात जयू काळूच्या गळ्यात एक हात टाकून दुसऱ्या हातानं भाकरी खात होती.

*

बाबांनी पुढची कलेजी पुरली. काळूनं उकरली. मग मीच कंबर कसली. खड्डा मी खणला, आमचा परिचर किसन आणि मी मिळून वर धोंडा ढकलला. महिन्यानं जातो तर धोंड्याला शेंदूर, पुढे नारळ! आणि किसन चपला काढून हात जोडून उभा!

"बाबा, हे काय?"

"आमाला ठावं हाय खाली काय हाय. शेजारच्या पाड्याला कोन सांगनार? ते म्हनतात, सायेबाचा देव! काल एकानं नवसाचा बोकड कापला."

"त्याची कलेजी?"

"फुग्याचीच निघाली. देवाखालीच पुरली."

किसनला मी झापलं, तर म्हणतो, "असू द्या साहेब, असला तर?"

*

मग कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्या आल्या. दहा किलो वजनाला एक. "कुत्रा कुणाचा?" विचारलं, तर पाड्यात एकाचाही नाही! नाव लिहिलं की कर बसेल, ही भीती. किसननं मटणाच्या तुकड्यात गोळी घालून दाखवली, तशी घरटी दोन-दोन कुत्री निघाली.

काळू काट्यावर उभा राहीना. त्याला उचलून मी चढलो, शंभर किलो. मग मी एकटा, ऐंशी. जयूनं कोळशानं भिंतीवर गणित मांडलं आणि ओरडली, "काळू वीस, दोन गोळ्या! सायेब ऐंशी!"

बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी गोळ्यांचा डबा बाबांकडे दिला, हिशोब जयूकडे. तिला बजावलं, "जो फुग्याची कलेजी खाईल, त्याला वजनाप्रमाणे गोळी. विसरायचं नाही हं!"

*

गेल्या महिन्यात गेलो, तर अख्खा पाडा अंगणात. पळसाच्या पानावर शिजवलेली कलेजी.

"फुग्याची हाय," बाबा म्हणाले. "पुरून पुरून कटाळलो. शिजली की काय व्हत नाय, तुमीच बोललात ना? मंग खाऊन दाखवा. खाल्ली, तर आमीपन शिजवू. कुत्र्याला कच्ची बंद, पाडाभर. नायतर काळू हायच."

काळू जीभ काढून बसला होता. त्याच्या गळ्यात जयूचा हात.

मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं (कुठल्या, ते विचारू नका!) आणि पान साफ केलं.

"बंद म्हंजे बंद!" बाबा उठून म्हणाले. खरं सांगतो, मला रडू आलं.

तेवढ्यात जयू आजोबांकडून गोळ्यांचा डबा घेऊन आली. काळूला नेहमीच्या दोन गोळ्या चारल्या. मग माझ्यासमोर बसून बोटांवर मोजत आणखी गोळ्या तळहातावर काढल्या.

"आठ," ती म्हणाली. "आ करा, सायेब."