पाच नंबरची तुटलेली केबल

आधीच सांगतो, भूतबित मी मानत नाही. नेटवर्क केबलिंग हा माझा धंदा. सिग्नल आला नाही तर कुठेतरी वायर तुटलेली असते, एवढाच माझा देवधर्म. तरीही हे लिहितोय, कारण घरात कोणाला सांगता येत नाही...

पाथर्डी फाट्याजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलचं केबलिंग पाच वर्षांपूर्वी मीच केलं. सगळ्या डेटा केबल एकत्र घेतल्या, प्लॅस्टिकच्या टायने करकचून आवळल्या आणि छतातून लिफ्टच्या मेन वायरीला चिकटवून नेल्या. दिसायला एक नंबर! फोटोसुद्धा काढले. सोबत काम करणारे सिन्नरचे निवृत्तीभाऊ तेव्हाच म्हणाले होते, "लय आवळू नको. अन् लाइटीच्या वायरीपासून हातभर लांब घे, नायतर सिग्नल मार खाईल." मी हसण्यावारी नेलं.

गेल्या उन्हाळ्यात आईला न्यूमोनिया झाला आणि नेमकं तिथल्याच आयसीयूत ठेवावं लागलं. कोपऱ्यातली पाच नंबरची खोली, दार बंद. तिच्या नाडीवर लक्ष बाहेर काउंटरवरच्या स्क्रीनवरून, माझ्याच केबलमधून. दुपारी मी तिथेच उभा होतो. लिफ्ट हलली आणि आईची रेष गायब! मी ओरडलोच.

"घाबरू नका दादा," संगीता सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, "पाच नंबरचं नेहमीच जातं. येईल परत."

आली. पुढच्या लिफ्टला पुन्हा गेली... निवृत्तीभाऊंचं 'सिग्नल मार खाईल' आठवलं. खरंच काही झालं तरी कोणी उठणार नव्हतं — आणि ही सवय त्यांना मीच लावली होती.

मेंटेनन्सवाल्याच्या हातापाया पडून शिडी मिळवली, काउंटरपाशीच लावली. छताची प्लेट सरकवली आणि एकेक टाय कापत सुटलो. आई, थांब गं, एवढं थांब... आणि कटर घसरला. माझ्याच अक्षरात '५' लिहिलेली निळी केबल दोन तुकडे होऊन लोंबायला लागली.

मी दोन्ही टोकं धरली, तेवढ्यात खाली काउंटरवर अलार्म वाजला.

"पाच नंबर! पल्स पडतेय!" सिस्टर धावल्या, मागोमाग डॉक्टर. शिडीवरून मला स्क्रीन स्पष्ट दिसत होती. आईची रेष चालू होती, आकडा खाली येत होता. केबलचं एक टोक माझ्या डाव्या हातात होतं, दुसरं उजव्या.

आई वाचली. संध्याकाळी डोळे उघडून पहिलं विचारलं, "जेवलास का रे?" मी तिथेच रडलो.

केबल तुटलेली असताना रेष दिसली कशी, मशीनच्या इंजिनिअरला विचारलं. वायफाय नव्हतं, दुसरी लाइनही नव्हती. "मग केबल अलार्मनंतर तुटली असेल," म्हणाला.

नंतर निवृत्तीभाऊंना घेऊन सगळ्या केबल लांबून नेल्या, सैल बांधल्या. त्या अलार्मचं उत्तर अजून मिळालेलं नाही, मिळेल असं वाटतही नाही. पण मला खातं ते सिस्टरांचं "नेहमीच जातं". चार वर्षं जात होतं. तेवढ्या काळात त्या खोलीत कोणाकोणाच्या आया होत्या, ते काउंटरवरच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे. ते उघडायची माझी अजून हिंमत झालेली नाही.