साडीगार्ड

अंगणात वर्तमानपत्रावर साडीगार्ड पडलंय. उन्हात त्याच्या गजांची सावली खिडकीच्या जाळीसारखी दिसतेय. आमच्या जुन्या मोटरसायकलचं हे लोखंड आज मी स्वतः पाना लावून काढलं. नट गंजून बसले होते, तेल पाजून पाजून अखेर सुटले.

इतकी वर्षं मी याच जाळीला पाय टेकवून, एका बाजूला बसून फिरले. चढ आला की नवरा मान वळवून म्हणायचा, "उतर जरा, तुझ्या वजनानं गाडी दमते." मित्र बरोबर असले की मुद्दाम मोठ्यानं. मी उतरायची, पदर खोचून मागून चालायची आणि वर पोचल्यावर त्या सगळ्यांबरोबर हसायचीसुद्धा. राग माणसात असाच गंजून बसत असावा. वरून दिसत नाही, पण धरून ठेवतो.

नवऱ्याचे गुडघे गेले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. यंदा मी लायसन्स काढलं, इंजिन खोलून पुन्हा बसवलं. आता गाडी हलकी करतेय. लेगगार्ड गेलं, डिकी गेली, पाय ठेवायची पट्टी गेली. प्रत्येक तुकडा फरशीवर आपटतो तो आवाज मला फार गोड लागतो.

आत्ताच तो काठी टेकत बाहेर आला.

"मला चौकापर्यंत सोडतेस?"

मी टाकी पुसत राहिले. "मागची सीट काढलीय."

"ती कशाला काढलीस?"

"मागच्या वजनानं गाडी दमते हो."