राणीच्या तोंडची भाषा

महाराजांच्या राज्यात मुलींच्या शाळेत चार बुकं शिकून मी कोल्हापुरात सून म्हणून आले, तेव्हा माझ्या पेटीत लुगड्यांच्या तळाशी एक कादंबरी होती. सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, ती दुसऱ्याच दिवशी शोधून काढली. सुनेनं एकटीनं पुस्तकात तोंड खुपसून बसणं त्यांना साफ नामंजूर. त्यांनी अट घातली, "वाचायचं तर समद्यांम्होरं, मोठ्यांदा." मी तेवढ्यावरही खूश होते. वाचल्याशिवाय मला घास गोड लागत नसे.

दुपारी बायका घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या आणि मी सुरू केलं. गोष्टीतली राणी म्हणाली, "सखे, माझे चित्त कशातच रमत नाही." मोलकरीण म्हणाली, "व्हय जी रानीसाब, मला बी काय सुचंना."

आत्याबाईंचा हात थांबला. "रानी कुठली म्हनायची?"

"इथलीच, आपल्या मुलखातली."

"मग ती पुन्याच्या बाईवानी का बोलती? आन आमची बोली मोलकरनीच्या तोंडात व्हय? उद्या असंच निघालं तर बुक बंबात जाईल बघ."

मला संताप आला, पण आत्याबाईंचा नव्हे, लिहिणाऱ्याचा. शहाण्यानं कोल्हापूर बघितलं तरी होतं का? पण पाणी तापवायचा बंब काही लांब नव्हता. दुसऱ्या दिवशी वाचता वाचता मी सरळ अदलाबदल केली. राणी कडाडली, "आगं, माझं चित्त थाऱ्यावर न्हाय म्हनलं न्हवं!" आणि मोलकरीण हळूच म्हणाली, "आपण किंचित विश्रांती घ्यावी, राणीसाहेब." बायका हसून लोळल्या. आत्याबाई म्हणाल्या, "हां! आत्ता कशी रानी वाटती." पुढं तर मोलकरीण दोन पानं दिसली नाही की त्याच विचारायच्या, "ती ग्वाड बोलनारी कुठं मेली?"

दिवाळीला धाकटे दीर पुण्याच्या कॉलेजातून घरी आले. "वहिनी, आज मी वाचतो," म्हणत त्यांनी पुस्तक उचललं. छापलं होतं तसंच ते वाचू लागले. राणी परत पुण्याची झाली, मोलकरीण परत आमच्या गल्लीतली. शेंगा फोडायचा आवाज बंद पडला. आता पुस्तक गेलंच म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"थांब रं," आत्याबाई म्हणाल्या. "पुन्याला जाऊन वाचायचं बी इसरलास व्हय? दे ते बुक वैनीकडं. आपली रानी कशी बोलती, त्ये तिलाच ठावं."