क्लाईव्ह मंटिंगचे नौकालंकरण

ज्याला वारा कळत नाही, तो वस्तू विकत घेतो. केटरिंग बंदराच्या धक्क्यावर माझ्या होडीशेजारी क्लाईव्ह मंटिंगची ‘पेट्रेल’ ही लहानशी शिडाची नाव उभी असे. त्यामुळे या सत्याचे दर्शन मला नित्य, आणि तेही न्याहारीपूर्वी, घडत असे. गृहस्थ गालिच्यांच्या दुकानातून निवृत्त झालेला.

पत्नी नोरीनने त्याला निर्वाणीचे सांगितले होते, “एकदाच येते तुझ्याबरोबर. आवडलं तर बोट राहील, नाहीतर विकायची.”

दुसऱ्या कुणी यावर शीड हाताळण्याचा अभ्यास केला असता. क्लाईव्हने ड्रिल आणले. सुकाणूजवळच्या बसण्याच्या खळग्यात, म्हणजे कॉकपिटमध्ये, त्याने पेले ठेवण्याची कडी लावली, गाद्या लावल्या. पहिले होकायंत्र वाचता येत नसताना दुसरे लावले. सुकाणूच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना सागवानी मेजे ठोकली. मूर्ती घडवताना शिल्पी जितका तल्लीन होत नसेल, तितका हा मनुष्य पेल्याच्या कड्यापुढे होई.

लाटांनी आपटू नये म्हणून धक्क्यावर आम्ही सारे सुकाणूचा दांडा दोरीने मधोमध बांधून ठेवतो. क्लाईव्हने सगळी मापे त्या बांधलेल्या दांड्यावरूनच घेतली.

“अरे, दोरी सोडून दांडा फिरवून तरी बघ!” पलीकडच्या नावेवरून मेर्व्ह ओरडला.

“तुझ्या बोटीत चहा ठेवायला जागा आहे का? नाही ना? मग गप बस.”

“चहा राहील रे बाबा. पण बोट वळणार कशी?”

रविवारी नोरीन आली. कौतुकाला कुणीतरी हवे, म्हणून मलाही नेले. सरळ जायचे होते तोवर सारे सुखरूप होते. खाडीच्या मुखाशी ब्रूनी बेटाची फेरीबोट समोर आली. क्लाईव्हने दांडा लोटला. तो मेजावर आदळून थांबला. फेरीबोटीने भोंगा दिला.

“वळत नाहीये गं!”

“मग तुझं ते टेबल काढ! आधी तो चहा उचल!”

त्याने चहा उचलला. नोरीनने मेजाला गमबुटाची एक सणसणीत लाथ घातली. स्क्रू आखूड होते, हा त्याच्या कारागिरीतला एकमेव उपकारक दोष; मेज उखडले. तिने दांडा शेवटपर्यंत लोटला, नाव वळली, फेरीबोट बाजूने निघून गेली.

शिडात वारा भरला. नोरीनने दांडा सोडला नाही.

“विकायची ना आता?” क्लाईव्हने रडवेल्या स्वरात विचारले.

“बोट कशाला? हा तुझा बाजार विक. आणि पुढे जाऊन बस बघू, मधेमधे येतोस.”

तो पुढे गेला, पेला दोन्ही हातांनी सांभाळीत.