पूर्णेवरचं धुणं

आमच्या थोरल्या जाऊबाईंना भीती वाटली की त्या धुणं काढायच्या. रडायच्या नाहीत, देवापुढं बसायच्या नाहीत, कुणाला काही सांगायच्याही नाहीत. उठायच्या, दोरीवरचे वाळलेले कपडे ओढायच्या आणि पुन्हा पाण्यात बुचकळायच्या. लग्न होऊन मी तीर्थपुरीजवळच्या त्यांच्या गावी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर माझं लग्नातलं कोरं लुगडं हौदात! मला रडूच फुटलं. मागाहून कळलं की पहाटे वेशीपाशी घोड्यांच्या टापा वाजल्या होत्या आणि बाईंच्या हाताला पहिलं ते लुगडंच लागलं. त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले भाया, माझ्याशी सरळ बोलत नसत. त्यांनी गोठ्याकडं तोंड केलं आणि बैलांना ऐकवल्यासारखं सांगितलं की या घरात धुणं वाढलं की समजायचं, हिनं काहीतरी ऐकलंय.

मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची, त्या मला 'धाकटे' म्हणायच्या. नाव सुभद्रा. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, आणि भित्र्या म्हणजे किती? पाल चुकचुकली तरी हातातला घास खाली ठेवणाऱ्या. तोंडातून अभद्र काही निघू नये याचा त्यांना ध्यासच होता. घरातलं पीठ संपलं तर 'पीठ वाढलं' म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, 'वाढवली' म्हणायचं. हे सगळ्याच बायका म्हणतात, पण बाईंच्या पोटात त्या शब्दांची खरोखरीची धास्ती होती. एकदा माझ्या तोंडून 'फुटली' निघून गेलं तर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी जवळ येऊन म्हणाल्या, "धाकटे, बोललेलं पाठीमागं येतंय. जपून बोलावं मानसानं." मला तेव्हा हसू आलं होतं.

हैदराबाद संस्थानचे ते शेवटचे दिवस. गावोगाव हत्यारबंद टोळ्या फिरत. कधी कोणाचं घर पेटेल याचा नेम नव्हता. त्यात आमच्या घरातले 'हे', म्हणजे माझे यजमान, चावडीवर झेंडा चढवून बसले आणि सारं घर गोत्यात आलं. यांचं नाव मी उभ्या जन्मात घेतलं नाही, आता काय घेणार! बाई मात्र यांना किसन म्हणायच्या. त्या या घरात आल्या तेव्हा हे अंगणात उघडे हिंडत होते, यांना भरवलं-न्हाऊ घातलं ते त्यांनीच. झेंड्यानंतर हे रानोमाळ लपत राहिले आणि एक दिवस हिवतापानं फणफणलेले घरी आले. त्याच दुपारी शेजारची अमीनबी मागच्या दारानं आली आणि सांगून गेली की उद्या टोळी येणार, किसनला घरात ठेवू नका. कुणी पाहिलं असतं तर तिचीही धडगत नव्हती.

गावातली बरीच घरं आधीच निघायच्या बेतात होती. संस्थानची हद्द ओलांडून वऱ्हाडात पोचलं की जीव वाचणार होता. दगडूतात्या म्हणून भावकीतले एक वडीलधारे होते, त्यांच्या मागं सात-आठ गाड्या लागल्या. यांना आमच्या गाडीत खाली निजवलं आणि वर कडबा रचला. श्वासापुरती फट ठेवली होती. मी गाडीच्या मागं चालायची आणि माझे कान त्या फटीकडं. हे खोकले की मीही मोठ्यानं खोकायची.

जालन्याचा मोठा रस्ता टाळून आम्ही आडवाटेनं चाललो होतो. घर म्हणजे गाडी, अंगण म्हणजे रोज नवा नाला. अशा हालातही बाईंचं धुणं चालूच! साबण कुठला, चुलीतली राख घ्यायची. पाणी दिसलं की पाच मिनिटांत दोन लुगडी आपटून झालेली असत. वाळवायला थांबायला वेळ नसे. मग एक पदर त्यांनी धरायचा, दुसरा मी, आणि मधे ताणलेलं ओलं लुगडं घेऊन गाड्यांच्या मागून चालायचं. कोस-दीड कोसात खडखडीत वाळायचं. लहान कपडे गाडीच्या खुंट्यांवर. एकदा मागच्या गाडीच्या बैलानं भायांच्या बंडीची बाही चघळून टाकली, तेव्हा त्या सगळ्या प्रवासात आम्ही एकदाच हसलो.

मी एकदा चिडून विचारलं, की बाई, मरणाच्या दारात कपडे स्वच्छ असले काय नि मळके असले काय? बाई पिळायचं थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "पान्यात हात असले म्हंजी ते कापत्यात हे कुनाला दिसत न्हाई." मग पुढचं लुगडं माझ्या हातात दिलं.

राजूरला भाया मीठ-मिरची आणायला गेले आणि पांढरेफटक होऊन परत आले. बाजारात बोलणं होतं की काही घोडेस्वार गाड्या अडवून किसन पाटलाची चौकशी करताहेत. अगदी नाव घेऊन. आम्ही बैल तसेच दामटले. केदारखेड्याच्या अलीकडं पूर्णेच्या काठाला आलो तेव्हा बैलांच्या तोंडाला फेस आला होता. उन्हाळ्याची नदी, मधे मधे डोह. तात्या म्हणाले, बैलांना पाणी दाखवा आणि जल्दी निघा.

बाई गाडीवर चढल्या आणि कपडे खाली फेकायला लागल्या. लुगडी, धोतरं, पोत्यात बांधलेल्या गोधड्या, वाकळा, सगळं. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी झटकला. त्यांचे डोळे माझ्याकडं होते, पण त्यांना मी दिसत नव्हते. बघता बघता डोहाच्या काठच्या झुडपांवर आमचं सगळं घर पसरलं गेलं. आमच्याकडं अंथरूण-पांघरुणासकट सारं घर एकदम नदीवर जातं ते एकाच दिवशी. कुणी मेलं की दहाव्याला. दगडूतात्या तणतणत आले.

"सुभद्रे, येडी झालीस का? गोधड्या कशाला धून राह्यली? लोक म्हनतील सुतक हाय!"

ते बोलताहेत तोवर पलीकडच्या काठावर घोडी दिसली. पांढरी धोतरं लांबून झळकली असणार. चौघंजण होते, पाणी तुडवत आमच्याकडं आले. तिघं तरणे, आणि एक म्हातारा, मेंदी लावलेली दाढी, आमच्याच भागातला असावा, कारण बोलला तो आमच्यासारखंच. एका पोराच्या हातात बरची होती. तो थेट गाड्यांकडं गेला. पहिल्या गाडीच्या कडब्यात त्यानं बरची खुपसली, बाहेर काढली, पुन्हा खुपसली. आमची गाडी तिसरी होती. कडब्याखाली यांना ताप होता, ग्लानी होती. ओरडले तरी मरणार होते आणि न ओरडले तरी.

म्हातारा घोड्यावरूनच झुडपांकडं बघत होता. गोधड्यांवरून त्याची नजर फिरली. मग त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "कोन गेलं, बाई?"

बाई डोहात गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी ओठ उघडले, मिटले. मी जे ऐकलं त्यावर माझा विश्वासच बसला नाही.

"दीर माझा. किसन. तापानं गेला. आज दहावा हाय."

"मंग दहावा गावात का न्हाई केला?"

"गावात कोन राहू देतंय? वाटंतच करून राह्यलो."

दुसऱ्या गाडीतही बरची घालून झाली होती. म्हातारा माझ्याकडं वळला. ही कोण, म्हणून त्यानं विचारलं. बाईंनी सांगितलं, त्याची बायको. त्यानं माझ्या कपाळाकडं पाहिलं, मग हातांकडं. मनगटभर हिरव्या बांगड्या होत्या. "मंग ह्या?" एवढंच म्हणाला.

पिठालासुद्धा 'संपलं' न म्हणणाऱ्या माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "आज फोडायच्यात."

त्या पाण्यातून बाहेर आल्या. मला धरून डोहाच्या काठच्या धुण्याच्या दगडापाशी नेलं, खाली बसवलं. ओल्या तळव्यानं माझं कुंकू पुसलं. मग माझं मनगट दगडावर ठेवून धोपटणं उचललं. कानाशी येऊन पुटपुटल्या, "रड." मला रडायला शिकवायची काय गरज होती! मी अशी ओरडले की गाड्यांचे बैल बुजले. बांगड्यांच्या काचा माझ्या हातात शिरल्या, रक्त पाण्यात गेलं. दुसरा हात. मग डोरलं. बाई सगळं विधीप्रमाणे करत होत्या, काही सोडलं नाही. मी रडत होते ती यांच्यासाठी, कारण त्या घटकेला मला खरंच वाटलं की हे गेले आहेत आणि मी विधवा झाले आहे.

बरचीवाला आमच्या गाडीला हात घालणार तोच म्हाताऱ्यानं त्याला हाक मारली. "चल रे. सुतक का घर है. मत छेड." पोरगं काहीतरी कुरकुरलं. म्हाताऱ्यानं घोडं वळवलं, तसे बाकीचेही वळले. जाताना त्यानं भायांकडं एकदा पाहिलं. दहाव्याला घरचे पुरुष डोकं-मिशी उतरवतात. भायांच्या झुपकेदार मिशा जागच्या जागी होत्या. त्या म्हाताऱ्याला त्या दिसल्या नसतील हे मला आजही पटत नाही. त्याचं नाव मला माहीत नाही, पण माझ्या संसारात त्याचाही वाटा आहे.

नदी ओलांडून झाडीत शिरल्यावर कडबा बाजूला केला. यांचे डोळे उघडे होते. सगळं ऐकलं होतं यांनी. माझ्या हातांना चिंध्या बांधल्या होत्या, त्याकडं बघत राहिले. बाई गाडीच्या चाकापाशी मटकन बसल्या आणि चाकावर कपाळ टेकून म्हणाल्या, "किसन, म्या तुला मारलं रे. माझ्या तोंडानं मारलं." हे म्हणाले, "वैनी, पानी दे."

आम्ही वऱ्हाडात पोचलो. पहिल्याच बाजारात बाईंनी मला कासाराकडं नेऊन हिरव्या बांगड्या भरल्या, स्वतः कुंकू लावलं. पुढं राज्य बदललं, आम्ही परत गावी आलो, यांचा हिवताप गेला, पोरंबाळं झाली. बाईंची भीती तेवढी गेली नाही. आपण बोललो ते कधीतरी यांना गाठणार, या धास्तीत ती बाई पन्नास वर्षं जगली. यांना शिंक आली तरी माजघरातून धावत यायच्या. हे मुद्दाम मोठ्यानं ओरडायचे, "वैनी, अजून हाय मी!" त्यावर त्या रागावून दोन दिवस बोलायच्या नाहीत. सोमवार धरले, शनिवार धरले, राजूरच्या गणपतीला दर चतुर्थीला जाऊन यायच्या. मला कधीकधी त्यांचा राग यायचा, की अहो बाई, तुमच्यामुळं जगलाय हा माणूस! त्या मान हलवायच्या. त्यांना ते कधी पटलंच नाही.

हे गेले ते म्हातारे होऊन, घरात, दुपारच्या जेवणानंतर पडल्या पडल्या. भाया त्याआधीच गेले होते. बाईंचे स्वतःचे हात कधीचे मोकळे झाले होते, डोळ्यांनी दिसायचं बंद झालं होतं. यांना अंगणात ठेवलं होतं. भावकीतल्या बायका जमल्या. एकीनं दगड आणला, एकीनं माझा हात धरला. कुणी उचलायच्या आधी फोडतात, कुणी दहाव्याला, पण रीतच होती ती, त्यांचं काही चुकलं नव्हतं. मीही हात पुढं केला होता.

बाई कोपऱ्यात बसलेल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, किंवा काकणांचा आवाज आला असावा. बसल्या बसल्याच सरकत त्या माझ्यापर्यंत आल्या. चाचपडून माझी दोन्ही मनगटं शोधली आणि त्यांवर आपले हात ठेवले.

"हिच्या फोडू नका," त्या म्हणाल्या. "हिच्या फोडून झाल्यात. पूर्णेवर, दहाव्याला, माझ्या हातानं. एकाच नवऱ्यापायी बाईला दोनदा रंडकी करत्यात व्हय?"

एक म्हातारी म्हणाली की असं कुठं असतं का, ते तर खोटं होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "खोटं असतं तर मी पन्नास वर्सं भ्याले नसते." यांना उचलून नेईपर्यंत त्यांनी माझी मनगटं सोडली नाहीत. दगड आणणारी बाई दगड घेऊन परत गेली.

पुढच्या हिवाळ्यात बाई गेल्या. त्यांना शेवटची आंघोळ मी घातली. पाणी ओतताना माझ्या हातांतल्या हिरव्या बांगड्या वाजत होत्या. दारात भावकीतल्या बायका उभ्या होत्या, त्यांतल्या एकीनं दुसरी घागर भरून माझ्यापुढं ठेवली.