हळद-मीठ लावलेला नमुना

१४ डिसेंबर, रविवार. गच्चीवर चादरी वाळत घालत होते. खाली दिरांनी डबा आणल्याचा आवाज आला. उरलेल्या चादरी उरकून मगच उतरले.

डबा सिंधुदुर्गातून एसटीने आला होता. तिथल्या एका खाडीच्या तोंडाशी मेलेला डॉल्फिन लागला होता. त्याच्या कातडीचा तुकडा वनरक्षकाने बर्फात घालून पाठवला होता. रविवारी आमची प्रयोगशाळा बंद, म्हणून पत्ता घरचा. या खाडीतले डॉल्फिन उत्तरेकडच्या कळपांहून वेगळ्या वंशाचे आहेत का, हे आम्ही तपासत होतो. वेगळे असतील, तर इथले संपल्यावर तिकडचे येऊन जागा भरतील हा भरवसा खोटा, आणि मग खाडीतल्या जाळ्यांवर बंधन घालावंच लागेल. आधीचे नमुने कुजलेले निघाले होते. हाही गेला, तर खाडीचं नाव अहवालातून वगळायचं ठरलं होतं.

धाकटी जाऊ ओट्यापाशी उभी. हात पिवळे.

"आक्का, कसला मासा धाडलाय ओ? नुसतं कातडंच हाय. हळद-मीठ लावून ठेवलंय."

कोकणातून बर्फाचा डबा आला की आमच्या घरी हेच होतं.

"आमसूल लावलंस?"

"संपलंय की. तुमच्या भावजींस्नी दुकानात धाडलंय."

"तो मासा नाही. मेलेला डॉल्फिन आहे."

तिने हात मागे घेतले. "आन् माझ्या कढईशेजारी?"

दीर आमसूल घेऊन दारात. "मग आज जेवायला काय?"

"पिठलं," मी म्हटलं आणि तुकडा पुन्हा बर्फात घातला.

मिठाची काळजी नव्हती, मीठ टिकवतंच. आंबट लागलं असतं तर डीएनए तुटला असता. पण हळदीने तपासणीची रसायनं अडतात, आणि ती कातडीत किती मुरली कोण जाणे. वॉचमनकडून प्रयोगशाळा उघडून घेतली. पिवळा थर कापून वेगळा केला, आतला भाग वेगळा. दोन्हींतून डीएनए काढून नळ्या यंत्रात लावल्या आणि घरी आले. पिठलं गार झालं होतं.

सकाळी प्रयोगशाळेत कुणी यायच्या आत निकाल जेलवर पाहिला; डीएनए सापडला असेल तिथे पट्टी उमटते. पिवळ्या थराच्या रांगेत काहीच नाही. आतल्या भागाच्या रांगेत एक पट्टी. फिकट, पण हवी तिथे. वंश कोणता, ते पुढच्या तपासणीत कळणार. त्यासाठी नळी बर्फात बांधून दुसऱ्या प्रयोगशाळेकडे कुरिअरने पाठवली, सोबत हळद-मीठ लागल्याचं स्पष्ट लिहिलं. मग वनरक्षकाला फोन केला: यापुढे डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, हे खायचं नाही.